मारेकऱ्याची न्याहारी आणि शेजाऱ्याचें दार

मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांवरील चित्रपटांविषयीं, नाटकांविषयीं आणि कादंबऱ्यांविषयीं गेलीं पंचवीस-तीस वर्षें आपल्याकडे जें लिहिलें जात आहे, त्यांत एका शब्दाचा जप अखंड चालू आहे. तो शब्द म्हणजे 'वास्तवता'. अमुक चित्रपटांतील गुंड खऱ्या गुंडासारखा बोलतो, तमुक दिग्दर्शकानें खऱ्या चाळींत व खऱ्या पावसांत चित्रण केलें, म्हणून ती कृति थोर, असा हा न्याय आहे. तो आतां इतका रूढ झाला आहे कीं, त्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्याला एकतर जुनाट ठरवितात, नाहीं तर सोंवळा. दोन्ही विशेषणें पत्करून आम्ही असें म्हणतों कीं, ही वास्तवता अर्धी आहे, आणि जें अर्धें तिनें गाळलें आहे तेंच या विषयाचें हृदय होय.

टोळीच्या गुन्ह्यांत माणसें तीन असतात. एक पाठलाग करणारा. दुसरा जीव मुठींत घेऊन पळणारा. आणि तिसरा तो, कीं ज्याच्या दारावर पळणाऱ्याची थाप पडते. पहिल्याचें चित्र आपल्या लेखकांनीं व दिग्दर्शकांनीं इतक्या वेळां आणि इतक्या प्रेमानें रंगविलें आहे कीं, त्याच्या घरचा स्वयंपाकसुद्धां आपल्याला तोंडपाठ झाला आहे. दुसरा त्यांना केवळ मारण्यापुरता लागतो. तिसऱ्याकडे त्यांनीं क्वचितच पाहिलें आहे. आणि हा तिसरा माणूस म्हणजे आपणच आहों. अंधेरीला, बोरिवलीला, मुलुंडला, घाटकोपरला राहणारीं, मुलांच्या शाळेची आणि घराच्या हप्त्यांची चिंता वाहणारीं, रात्रीं दाराला दोन कड्या घालून निजणारीं कुटुंबें तीं हींच. ज्या चित्रांतून आपल्याला वगळलें आहे, त्या चित्राला आपणच 'हुबेहूब' म्हणून टाळ्या देतों, हा प्रकार विचार करण्यासारखा आहे.

तिसऱ्या माणसाचें महत्त्व आम्हीं आज शोधून काढलेलें नाहीं. महाभारतांतील शिबि राजाची कथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकली आहे. ससाण्याच्या भयानें कबूतर राजाच्या आश्रयाला येतें. मागोमाग ससाणा येतो आणि आपलें भक्ष्य परत मागतो. ससाण्याची बाजू कथाकारानें दडपलेली नाहीं, हें विशेष आहे. आपण भुकेले आहों, हें आपलें अन्न आहे, तें हिरावून घेणें हाही अधर्मच, असा बिनतोड युक्तिवाद तो करतो, आणि राजाला त्याचें उत्तर तोंडानें देतां येत नाहीं. स्वतःच्या मांसानें द्यावें लागतें. तरीपण कथा ससाण्याच्या नांवानें ओळखली जात नाहीं. ती शिबीची कथा आहे, कारण निर्णय त्याला करावयाचा आहे आणि किंमत त्याला मोजावयाची आहे. आमच्या आजच्या एखाद्या पटकथाकाराच्या हातीं ही कथा दिली, तर ससाण्याचें बालपण, ससाण्याचें प्रेम, ससाण्याचा मित्र आणि ससाण्याचा शोकपूर्ण अंत एवढें सारें अडीच तासांत बसेल. कबूतर पहिल्या दहा मिनिटांत मरेल आणि शिबीला वेळच उरणार नाहीं.

हें म्हणणें कोणास विनोदी वाटलें, तर त्यानें पाश्चात्त्यांकडील एक चित्रपट पाहावा. जॉन कॅसाव्हेटीस या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'ग्लोरिया' हा चित्रपट १९८० सालचा. त्या वर्षींच्या व्हेनिस महोत्सवांतील सर्वोच्च पारितोषिक त्याला विभागून मिळालें. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांतील एका इमारतींत एक कुटुंब राहतें. कर्ता पुरुष टोळीचा हिशेबनीस. त्यानें टोळीची माहिती सरकारला पुरविल्याचें उघड झालें आहे, आणि मारेकरी इमारतीपर्यंत येऊन पोंचले आहेत. अशा वेळीं दारांत येऊन उभी राहते ती शेजारीण, ग्लोरिया. ती कशाला आली आहे? थोडी कॉफी उसनी मागावयाला! आपल्याकडील वाटीभर साखरेचाच हा अमेरिकन अवतार. मुलाची आई काकुळतीला येऊन आपला लहान मुलगा तिच्या हवालीं करते. ग्लोरियाला मुलें मुळींच आवडत नाहींत. शिवाय ती स्वतः एके काळीं याच टोळीच्या वर्तुळांत वावरलेली. म्हणजे ज्यांच्यापासून मुलाला लपवावयाचें, ते तिचे जुने स्नेही. कुटुंब मारलें जातें, आणि ही वयस्क, तोंडाळ, नाराज बाई त्या पोराचा हात धरून एका हॉटेलांतून दुसऱ्या हॉटेलांत, टॅक्सींतून भुयारी रेल्वेंत पळत राहते.

या चित्रपटांत टोळीवाले आहेत, पिस्तुलें आहेत, पाठलाग आहे. पण मारेकऱ्याच्या मनाचें कोडें सोडविण्यांत दिग्दर्शकानें एक मिनिट दवडलेलें नाहीं. प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो निराळ्याच प्रश्नावर: ही बाई या मुलाला अजून किती वेळ जवळ ठेवील? ती देवी नाहीं. मुलाला टाकून द्यावें असें तिला वाटतें, आणि त्या वाटण्याची तिला लाजही नाहीं. उसन्या कॉफीसाठीं उघडलेलें दार तिला पुन्हां बंद करतां येत नाहीं, यापलीकडे तिच्या शौर्याला कारण नाहीं. लपणाऱ्या माणसाच्या कथेंत खरें नाट्य कोठें असतें, हें यावरून समजावें.

आतां आपल्या उपनगरांकडे वळूं. १९९७ सालच्या १६ जानेवारीला गिरणी कामगारांचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांचा पवईस त्यांच्या घराजवळ गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षाच्या १२ ऑगस्टला 'टी-सीरीज' या ध्वनिफीत कंपनीचे संस्थापक गुलशन कुमार यांना अंधेरींत, नित्याप्रमाणें शिवमंदिरांत दर्शन घेऊन बाहेर पडत असतां, गोळ्या घालण्यांत आल्या. या दुसऱ्या खुनाच्या त्या वेळच्या वृत्तांतांत एक तपशील आला होता. जखमी झालेले गुलशन कुमार आश्रयासाठीं जवळच्या झोपड्यांकडे धांवले, आणि दार त्यांच्या तोंडावर बंद झालें. त्यांचा मोटारचालक मदतीस धांवला. त्यालाही गोळ्या लागल्या.

वाचकांनीं हीं दोन-तीन वाक्यें पुन्हां एकदां वाचावींत. एक बंद झालेलें दार आणि एक धांवलेला पगारी नोकर! दाराच्या आंत कोण होतें? त्या माणसाच्या मनांत त्या क्षणीं काय आलें? बाहेरचा आवाज थांबल्यावर त्या घरांत कोण काय बोललें? पोलीस विचारावयाला आले तेव्हां काय सांगावयाचें हें कोणीं ठरविलें? त्या रात्रीं तेथें चूल पेटली कीं नाहीं? आणि ज्याला पळून जातां आलें असतें, तो चालक कां थांबला? एखाद्या समर्थ नाटककाराला तीन अंकांना पुरून उरेल एवढें द्रव्य येथें पडलेलें होतें. तें आजतागायत तसेंच पडून आहे.

कोणाला त्यावेळीं प्रश्न पडलाच नाहीं असें मात्र नाहीं. रामगोपाल वर्मा या दिग्दर्शकाला पडला, आणि तो कसा पडला हें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें आहे. या खुनाची वार्ता आली तेव्हां तो एका निर्मात्याजवळ बसला होता. मयत गृहस्थ त्या दिवशीं सकाळीं किती वाजतां उठले, कोणाशीं बोलले, याची हकीगत निर्माता सांगूं लागला. आणि ऐकतां ऐकतां वर्मा यांच्या मनांत आलें कीं, मग मारेकरी किती वाजतां उठला असेल? लवकर उठव म्हणून त्यानें आपल्या आईला सांगून ठेवलें असेल काय? त्यानें न्याहारी खुनापूर्वीं केली असेल कीं खुनानंतर? या कुतूहलाचें जें फळ, तो 'सत्या' हा चित्रपट. तो ३ जुलै १९९८ रोजीं, म्हणजे अंधेरीच्या त्या सकाळीला वर्ष पुरें व्हावयाच्या आंत, प्रदर्शित झाला.

मारेकऱ्याच्या न्याहारीचा प्रश्न हा खऱ्या कलावंताचा प्रश्न आहे, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. त्यापूर्वींच्या हिंदी चित्रपटांतील खलपुरुष सोनेरी खुर्चींत बसून मांजर कुरवाळीत असत. त्यांच्या जागीं बायकोशीं भांडणारा, मित्रासाठीं रडणारा, पाय जमिनीवर असलेला माणूस आला, ही सुधारणाच झाली. मनोज बाजपेयी यांनीं उभा केलेला भिकू म्हात्रे ही भूमिका राष्ट्रीय पुरस्काराला सर्वथा पात्र होती. आमचा वाद त्या प्रश्नाशीं नाहीं. त्याच सकाळीं, त्याच गल्लींत दुसरा प्रश्न उभा होता, आणि गेल्या पाव शतकांत आमच्या कलावंतांना तो एकदांही दिसला नाहीं, याच्याशीं आमचा वाद आहे.

'सत्या'चेंच कथानक या दृष्टीनें तपासून पाहूं. नायक मुंबईंत नवखा, टोळींत शिरतो, शेजारच्या खोलींत राहणाऱ्या विद्या नांवाच्या गायिकेवर त्याचें प्रेम बसतें. तिला गाण्याची संधि मिळावी म्हणून तो काय करतो? एका संगीत दिग्दर्शकाला धाक घालवितो. ज्या शहरांत संगीताच्या धंद्यांतील एका माणसाला नुकतेंच भर रस्त्यांत मारलें गेलें होतें, त्या शहरांत हा प्रसंग प्रियकराच्या एका गोड उपकारासारखा पुढें सरकतो. त्या संगीत दिग्दर्शकाच्या घरीं त्या रात्रीं जेवण गेलें कीं नाहीं, त्याच्या मुलांनीं काय पाहिलें, हें विचारण्याची गरज कोणास वाटत नाहीं. पुढें चित्रपटगृहाचा प्रसंग येतो. पोलीस एक दार सोडून बाकीचीं सारीं दारें बंद करतात; नायक गोळी झाडतो; घबराट उडते; प्रेक्षक चेंगरून मरतात. हे मेलेले प्रेक्षक कोण? तुमच्या-आमच्यासारखीं, तिकीट काढून आलेलीं माणसें. त्यांना नांव नाहीं, चेहरा नाहीं, घर नाहीं.

आणि शेवट? शेवट दाराचाच आहे. घायाळ झालेला नायक विद्येच्या दारावर थापा मारतो. त्याचें खरें रूप तिला कळलेलें आहे, ती दार उघडीत नाहीं, आणि पोलिसांची गोळी त्याला तेथें गांठते. प्रेक्षकांचे डोळे ओले होतात. आतां हा योगायोग पाहा. अंधेरीच्या गल्लींत निरपराध माणसासाठीं दार उघडलें नाहीं, याची गोष्ट कोणीं लिहिली नाहीं. खून करणाऱ्यासाठीं दार उघडलें नाहीं, याबद्दल मात्र साऱ्या शहरानें अश्रु ढाळले. कलेच्या प्रांतांत दारावर थाप मारण्याचा अधिकारसुद्धां मारेकऱ्यानें बळकावला, असें म्हटल्यास काय चुकलें?

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: गुंड हाही समाजानेंच घडविलेला माणूस आहे, त्याच्याकडे सहानुभूतीनें पाहणें हें साहित्याचें कर्तव्य नाहीं काय? आहे, अवश्य आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगांवांतील हजारों घरांची चूल विझली आणि तेथील कित्येक तरुण टोळ्यांच्या वाटेला लागले, ही गोष्ट कोणी नाकारीत नाहीं. पण याच विषयावर जयंत पवार यांनीं 'अधांतर' हें नाटक लिहिलें, तें १९९७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत गिरणी कामगाराच्या घरांतील एक मुलगा गुंडगिरीकडे वळलेला आहे. नाटककाराला त्याच्याविषयीं करुणा नाहीं असें कोण म्हणेल? परंतु नाटक घर सोडून त्या मुलाच्या मागें धांवत सुटत नाहीं. तें त्या घरांतच राहतें, आणि त्याच्या वागण्याची किंमत आई व भावंडें कशी मोजतात हें पाहतें. सहानुभूति ही अशी असावी लागते. ती एकाला देतांना दुसऱ्याची काढून घ्यावी लागत नाहीं.

चित्रपटांत मात्र निराळीच रीत पडली. महेश मांजरेकर यांचा १९९९ सालचा 'वास्तव' घ्या. त्याची सुरुवात आमच्या विषयाची आहे. पावभाजीची गाडी लावणाऱ्या मराठी पोराच्या हातून एका गुंडाचा भाऊ मारला जातो, आणि त्या क्षणापासून तो व त्याचा मित्र टोळीच्या भयानें लपत फिरतात. घरीं पापभीरु बाप आहे, आई आहे, शिकलेला भाऊ आहे. लपणाऱ्याची कथा लिहावयाला यापेक्षां अधिक काय हवें? पण लपणें लवकरच संपतें. पोरगा पिस्तूल उचलतो आणि पाहतां पाहतां स्वतःच पाठलाग करणारा होतो. त्यानंतरच्या भागांत बळ आहे, विशेषतः आईच्या भूमिकेंत आहे. तरी पण एक गोष्ट स्पष्ट होते. पिस्तूल न उचलतां पळत राहणाऱ्या माणसासाठीं आमच्या दिग्दर्शकांपाशीं धीर नाहीं. पळणें म्हणजे भित्रेपणा आणि भित्र्याची कथा कोण पाहणार, असा त्यांचा समज दिसतो. वस्तुतः हातांत शस्त्र न घेतां एक रात्र जिवंत राहणें याला जें धैर्य लागतें, तें शस्त्रधाऱ्याला ठाऊकही नसतें.

आमच्याकडे असा प्रयत्न झालाच नाहीं असें मात्र नाहीं. सुधीर मिश्र यांचा 'इस रात की सुबह नहीं' हा चित्रपट १९९६ सालचा, म्हणजे 'सत्या'च्या आधींचा. बायको आणि प्रेयसी यांच्या ओढाताणींत सांपडलेला एक सामान्य नोकरदार रागाच्या भरांत एका माणसाच्या थोबाडींत मारतो, आणि तो माणूस टोळीचा म्होरक्या निघतो. सगळ्यांदेखत झालेला अपमान धुवून काढावयाचा तर या नोकरदाराला रात्र संपण्यापूर्वीं मारलें पाहिजे. झालें! एका रात्रीचा पाठलाग सुरू होतो. हा पळणारा माणूस निर्दोष नाहीं, शूरही नाहीं. घरांत त्यानें केलेला घोळ बाहेरच्या घोळापेक्षां कमी नाहीं. म्हणूनच तो आपला वाटतो. कोणाकडे जावें, कोणावर विश्वास टाकावा, हा प्रश्न त्याच्या बाबतींत खरा होतो, कारण ज्यांच्याकडे जावयाचें त्यांना त्यानें आधींच दुखविलेलें आहे. मजा अशी कीं, यांत एका टोळीप्रमुखाचें काम करणारे सौरभ शुक्ल हेच पुढें 'सत्या'चे एक लेखक झाले. एकाच गुणी माणसाचा हात दोन्हींकडे लागला. पण पहिला चित्रपट मोजक्या रसिकांच्या आठवणींत राहिला, आणि दुसऱ्याच्या आवृत्त्या वर्षानुवर्षें निघत राहिल्या. ही निवड केवळ दिग्दर्शकांनीं केली नाहीं. ती प्रेक्षकांनीं केली, म्हणजे आपण केली. आणि परीक्षणें लिहिणाऱ्यांनीं तिला तत्त्वज्ञान पुरविलें.

उपनगरांतील आणखी एक प्रसंग याला साक्ष आहे. १६ नोव्हेंबर १९९१ रोजीं अंधेरीच्या लोखंडवाला संकुलांतील 'स्वाति' या इमारतींत पोलीस आणि माया डोळस याच्या टोळीचे लोक यांच्यांत भर दिवसां कित्येक तास गोळीबार चालला होता. टोळीवाले तेथें लपून राहिले होते. नव्या उपनगराचा गुणच असा कीं, तेथें शेजारी कोण राहावयास आला हें कोणी विचारीत नाहीं. त्या इमारतींत संसार करणारीं इतर कुटुंबेंही होतीं. गोळीबार चालू असतां तीं कोठें बसलीं असतील? मुलांना पलंगाखालीं घातलें असेल काय? दुसऱ्या दिवशीं त्याच जिन्यावरून शाळेला कसें पाठविलें असेल? २००७ सालीं या घटनेवर चित्रपट निघाला. त्यानें रस घेतला तो टोळीवाल्यांच्या मस्तींत आणि पोलिसांच्या पवित्र्यांत. जिन्यावर राहणाऱ्यांचा जिना तेवढा चित्रीकरणासाठीं उपयोगी पडला.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित असतो. तो म्हणतो कीं, कलेनें नीतीचे पाठ द्यावेत असें तुमचें म्हणणें आहे. आणि हा वाद तर कधींच निकालांत निघाला आहे. आमचें तसें मुळींच म्हणणें नाहीं. दार उघडणाऱ्याला शेवटीं बक्षीस मिळावें आणि बंद करणाऱ्याला शिक्षा व्हावी, असलीं बोधकथानकें आम्हांला नकोत. आमची तक्रार कलेच्याच दृष्टीनें आहे. मारेकऱ्यापुढें निवडीचा क्षण फारसा नसतो. सुपारी घेतली कीं त्याचा मार्ग आंखला जातो. पळणाऱ्यापुढेंही तो थोडाच असतो. निवड असते ती दाराआडच्या माणसापुढें. त्याला उघडतां येतें, न उघडतां येतें, आणि दोन्ही बाजूंना सबळ कारणें असतात. जेथें निवड तेथें नाट्य, हें नाट्यशास्त्राचें पहिलें पाऊल आहे. तें सोडून तेवीस वेळां त्याच त्या टोळीयुद्धाचें चित्रण करणें म्हणजे युद्धावर नाटक लिहून अर्जुनाचा विषाद तेवढा गाळण्यासारखें आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो आमच्या घरांतूनच येतो. सामान्य माणसानें दार उघडून करावयाचें तरी काय? तोही मरेल. त्याच्या मुलाबाळांना कोण पाहील? अंधेरीच्या त्या झोपडींतील माणसाला दोष देणें हें दोन कुलपांच्या आंत बसून बोलणाऱ्याला शोभत नाहीं. हें खरें आहे, आणि आम्ही त्या माणसाला दोष देतही नाहीं. पत्र्याच्या एका दारामागें राहणाऱ्या माणसापाशीं पोलीस नव्हते, वकील नव्हता, ओळखीचा मंत्री नव्हता. त्याच्या भयाला कारण होतें. म्हणूनच त्याची कथा लिहिली जावयास पाहिजे होती. ज्याच्या भयाला कारण असतें त्याची कथा ही भ्याडाची कथा नसते.

पण भयाच्याही मागें काय होतें आणि काय नव्हतें, हें पाहिलें पाहिजे. १९४२ च्या आंदोलनांत अच्युतराव पटवर्धन आणि अरुणा असफअली भूमिगत राहिले, नाना पाटील तर १९४६ पर्यंत सरकारच्या हातीं लागले नाहींत. हे सारे आकाशांत लपले नव्हते. ते कोणाच्या तरी माजघरांत निजले, कोणाच्या तरी ताटांत जेवले. दार उघडणाऱ्याला तुरुंगाचें भय तेव्हांही होतें. परंतु आपण उघडलें तर शेजारचाही उघडील, आणि आपल्यावर पाळी आली तर गांव तोंड फिरविणार नाहीं, असा भरंवसा होता. एकट्या घराचें धैर्य फार वेळ टिकत नाहीं. त्याला शेजारच्या घराचा टेकू लागतो. १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोंचली, आणि पुढील काळांत गिरगांव-दादरच्या चाळींतून मराठी कुटुंबें तिकडे मोठ्या संख्येनें राहावयास गेलीं. चाळींतलें दार दिवसभर उघडें असे. नव्या ब्लॉकांत त्याला कुलूप आलें, कुलपावर लोखंडी जाळीचें दुसरें दार आलें, आणि मधोमध बाहेरचा दिसावा पण त्याला आपण दिसूं नये असें एक भिंग आलें. सुख वाढलें, त्याला आमची हरकत नाहीं. टेकू मात्र गेला.

कायद्यानें हा टेकू उभा करण्याचा प्रयत्न केला आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांत साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. २०१७ सालीं राज्यानें साक्षीदारांच्या संरक्षणासाठीं स्वतंत्र कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें साऱ्या देशासाठीं साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. या योजनेंत कोणते उपाय सुचविले आहेत हें जिज्ञासूंनीं अवश्य पाहावें. साक्षीदाराच्या घराला भक्कम दार बसविणें हा त्यांतील एक उपाय. आणि त्याला कांहीं काळ एखाद्या नातेवाइकाच्या घरीं किंवा जवळच्या गांवीं हलविणें हा दुसरा. म्हणजे सरकारसुद्धां अखेरीस हेंच धरून चालतें कीं, भ्यालेल्या माणसासाठीं कोणाचें तरी दार उघडेल! गुलशन कुमार खटल्यांत २००२ सालीं १९ आरोपींपैकीं १८ सुटले; २०२१ सालीं उच्च न्यायालयानें एकाची शिक्षा कायम केली आणि सुटलेल्यांपैकीं एकाला दोषी ठरविलें. खुनानंतर चोवीस वर्षांनीं हें झालें. एवढा काळ साक्षीदार म्हणून जगणें म्हणजे काय, हें कोणत्या कादंबरींत वाचावयास मिळतें?

भिकू म्हात्रे आपल्याला इतका कां आवडतो, याचें उत्तर आम्हांला येथें सांपडतें. समुद्राकांठच्या कड्यावर उभें राहून तो सगळ्या मुंबईला आव्हान देतो, तेव्हां आपण अडीच तासांपुरते त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतों. त्या बाजूला उभें राहणें सोपें असतें. तेथून कोणाच्या दारावर थाप ऐकूं येत नाहीं. घरीं परत आल्यावर आपण भिंगांतून बाहेर पाहतों, कडी लावतों, आणि चित्रपट किती वास्तव होता याची चर्चा करीत जेवावयास बसतों. जी कला आपल्याला आपल्या सर्वांत अवघड प्रश्नापासून सुटका देते, तिला 'निर्भीड' म्हणण्याची चाल आपण पाडली आहे. निर्भीड ती असती, जिनें आपल्याला दाराच्या आंतल्या बाजूला उभें करून बाहेरची थाप ऐकविली असती.

तेव्हां आमचें मागणें तीन जणांपाशीं आहे. लेखकांपाशीं असें कीं, टोळ्यांचे वंशवृक्ष आतां पुरेसे झाले. उपनगरांतील एखाद्या तीन खोल्यांच्या घरांत शिरावें, तेथें एका रात्रीपुरता एक लपणारा माणूस आणून बसवावा, आणि त्या घरांतील नवरा, बायको, सासू आणि दहावीला बसलेली मुलगी यांच्यांत पहाटेपर्यंत काय होतें तें लिहावें. परीक्षकांपाशीं असें कीं, 'वास्तव' हा शब्द कागदावर उतरविण्यापूर्वीं, मेलेल्या माणसाला या कृतींत नांव आहे काय, एवढें एकदां तपासावें. आणि वाचक-प्रेक्षकांपाशीं असें कीं, पुढच्या वेळीं असला चित्रपट पाहून बाहेर पडतांना नायक कसा मेला याची चर्चा थोडी बाजूला ठेवावी, आणि आपल्याबरोबर आलेल्या मुलांना एवढेंच विचारावें: यांतला कोणी आपल्या दारावर आला असता, तर आपण काय केलें असतें? मुलें जें उत्तर देतील तें ऐकून घ्यावयाची आपली तयारी असली पाहिजे.